पडद्याला भोक पाडणाऱ्या बाई

आमच्या नाटक कंपनीच्या दर्शनी पडद्यावर एक मोर होता. मागे राजवाडा, पुढे तळं, तळ्यात दोन हंस, आणि उजव्या अंगाला मान वळवून लोकांकडे पाहणारा हा मोर. त्या मोराचा डोळा मी माझ्या हातानं एकोणीस वेळा शिवला. वीस म्हणणारे आहेत. पण सुई माझ्या हातात होती, म्हणून एकोणीस हाच आकडा खरा.

डोळा फोडणाऱ्या आमच्या बाई. कंपनीतल्या मुख्य गाणाऱ्या नटी. नाव लिहीत नाही. अमरावती-अकोल्यात माझ्या वयाच्या माणसाला नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याला नाव सांगून उपयोग नाही.

मी पडदेवाला. शाळा तिसरीपर्यंत. चौथीत गुरुजींचं आणि माझं पटलं नाही. चूक गुरुजींची होती. पण दोरीच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. लोकांना वाटतं, दोरी ओढली की पडदा वर जातो. तो जात नसतो, त्याला न्यावं लागतं. रडण्याच्या प्रवेशावर सावकाश सोडायचा, भांडणावर धाडकन, आणि एकदा सोडला की त्या अंकापुरता पुन्हा उचलायचा नाही. हा माझा नियम. मालकांनी हात जोडले तरी मोडला नाही.

बाईंचाही एक नियम होता. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या पडद्यामागे यायच्या, अंबाड्यातला आकडा काढायच्या आणि मोराच्या डोळ्यात खुपसायच्या. बाई बुटक्या. मोराचा डोळा बरोबर त्यांच्या डोळ्यासमोर यायचा. मग एक डोळा मिटून समोरच्या गर्दीवरून नजर फिरवायच्या. त्यांना ‘आजचा माणूस’ पाहिजे असायचा. हजार लोकांतून एक निवडायचा आणि सगळा खेळ त्या एकासाठी गायचा. बाकीच्यांनी फुकट ऐकायचं.

“पाचव्या रांगेत टोपीवाला हाये,” त्या मला सांगायच्या. “बायकोशी भांडून आलेला दिसते. त्याले आज रडवीन.”

आणि दुसऱ्या अंकात तो टोपीवाला टोपीनं डोळे पुसायचा. मी विंगेतून पाहिलेलं आहे.

पण म्हणून पडदा फाडायचा? मी एकदा सरळ विचारलं.

“बाई, हा पडदा हाये का चाळणी?”

“मंग खिडकी करून द्या.”

“पडद्याले खिडकी?”

“घराले असते तं पडद्याले काहून नाई?”

“आजवर एवढ्या नट्या होऊन गेल्या. कोणी भोकातून पाहून गायली काय?”

“नाई गायल्या. म्हणूनच त्यांचे लोक झोपत.”

असं बोलणाऱ्या बाईशी कोण बोलणार? भोक फारच मोठं झालं की मी सुई काढायचो आणि मोराचा डोळा शिवायचो. शिवून शिवून मोराला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसायला लागलं.

बाई मूळच्या बार्शीटाकळीकडच्या. रंगभूमीवर उभ्या राहिल्या की भाषा अशी, की जणू जन्मच राजवाड्यात झाला. विंगेत आल्या की “माय वं, कंबरडं मोडलं” म्हणून खोक्यावर फतकल मारायच्या. एकदा आमचे राजे भाषण विसरले. बाई राणी होत्या. पंख्याआड तोंड नेऊन त्या म्हणाल्या, “पाठ नाई केलं काय बे?” आवाज असा की पहिल्या चार रांगांनी ऐकलं. लगेच पंखा बाजूला करून, “नाथ, आपले चित्त आज ठिकाणावर दिसत नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजांना वाटलं, आपल्यालाच.

गाणारे लोक तिखटाला घाबरतात. बाई गाण्याआधी तळलेल्या मिरच्या खायच्या, मोजून पाच, मिठासकट. “घसा जागा होते,” म्हणायच्या. संत्र्याला मात्र हात लावत नसत. अमरावतीला खेळ लागला की लोक टोपल्यांनी संत्री आणून द्यायचे. बाई त्यातलं एक हातात घेऊन हुंगायच्या, कपाळाला लावायच्या आणि टोपली आमच्याकडे ढकलायच्या. कंपनीतल्या सगळ्यांच्या अंगाला हंगामभर संत्र्याचा वास यायचा.

अकोल्याची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कापूस विकून लोक मोकळे झाले होते, तंबू गच्च भरला होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाईंनी असं पद म्हटलं की लोक वन्समोअर थांबवेनात. तोवर मी पडदा सोडला होता. लोक ओरडताहेत, मालक माझ्यासमोर हात जोडताहेत, मी दोरी खुंटीला बांधून वर बसलो.

“उचलता का नाई?” बाईंनी विचारलं.

“नाई.”

“पाहा बरं.”

“पाहिलं.”

बाई गेल्या, मोराच्या डोळ्याला डोळा लावला आणि पडद्याआडूनच पद पहिल्यापासून सुरू केलं. समोर दिवे होते. लोकांना काय दिसलं, तर गाणं चालू आहे आणि मोराचं बुबुळ इकडून तिकडे फिरतं आहे. एका तानेला मोरानं डोळा मिचकावला. पुढच्या रांगेतल्या माणसानं पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी नारळ घेऊन आली आणि मला म्हणाली, “भाऊ, मोर कुठीसा हाये?”

पडदा मी उचलला नाही, हे ध्यानात ठेवा.

मग सिनेमावाले आले. कोल्हापूरकडचे दोघं, डोळ्यांवर काळे चष्मे. त्यांनी एका खेळात बाईंना पाहिलं आणि सिनेमातल्या मोठ्या कामासाठी मागून नेलं. त्यात एक गाणं होतं. बडनेऱ्याच्या स्टेशनावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. अर्धी अमरावती आली होती. बाई गाडीच्या दारात उभ्या राहून ओरडल्या, “गाणं ऐकायले या रे बाप्पा! तंबूत मागं बसत होते त्यांनी आता पुढं बसा. माह्या गळ्याचं गाणं हाये!”

वर्ष-सव्वा वर्ष गेलं. तेवढ्यात आमची कंपनीही बसली. मोराचा पडदा गुंडाळून मालक आपल्या गावी घेऊन गेले. मला अमरावतीच्या एका टॉकीजमध्ये काम मिळालं. तिथं दोरी नव्हती, पण पडदा होता. कापडी, पांढरा. त्याला ताणणं, धुणं, उसवलं तर शिवणं हे माझ्याकडे. इतका स्वच्छ ठेवला होता की मॅनेजर पाहुण्यांना आधी पडदा दाखवायचे, मग सिनेमा. त्यावर एक ठिपका नव्हता. पडद्याशी माझा संसार सुखाचा झाला, असं मला वाटलं.

बाई परत आल्या त्या गुपचूप. बाजारात लोक विचारायचे, “बाई, गाणं कसं झालं?” त्या म्हणायच्या, “या ऐकायले,” आणि झपझप पुढे निघून जायच्या. आमच्या टॉकीजवर पोस्टर लागलं. बाईंचं तोंड बैलगाडीएवढं. शुक्रवारी दुपारी तीनला पहिला खेळ.

गुरुवारी भर दुपारी मी पडद्यामागे बसून भाकर खात होतो. पुढ्यात मिरचीचा ठेचा. बाई मागच्या दारानं आत आल्या आणि खोक्यावर बसल्या. मी ठेचा पुढे केला. त्यांनी मान हलवली. तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं बिनसलं आहे.

“पडदेवाले,” त्या म्हणाल्या, “त्या सिनेमातलं गाणं माह्यं नाई.”

“पोस्टरवर तं तुमीच हाये.”

“तोंड माह्यं हाये. आवाज दुसरीचा.”

नटीच्या तोंडाला दुसरीचा आवाज लावतात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. मला ते मोराच्या मानेला बदकाचं तोंड शिवल्यासारखं वाटलं.

“काहून?”

“मले काचेच्या खोलीत उभं केलं. समोर लोखंडाचं कणीस. म्हणे, याच्याकडे पाहून गा. हळू गा, कानात सांगतल्यासारखं. मी म्हटलं, याले कान कुठी हाये? एक माणूस बसवा समोर. ते हसले. म्हणे, बाई, इथं माणसाचं काम नसते. मी तीन दिवस गायली. मोठ्यानं गायली तं कणीस फाटते म्हणे, हळू गायली तं मलेच ऐकू येईना. अन् तीन मिनिटांत संपवायचं! तीन मिनिटांत तं मी पदर सावरतो. चौथ्या दिवशी एक बारीकशी पोरगी आली, तीन मिनिटांत गाऊन घरी गेली.”

“गायली कशी?”

“गोड,” बाई म्हणाल्या. बाई भांडखोर होत्या, खोट्या नव्हत्या. “पण उद्या सारं गाव येईन. मी स्टेशनावर ओरडून सांगतलं हाये. पंधरा वर्षं ज्यांनी मले ऐकलं, त्यांच्यासमोर माह्या तोंडातून दुसरीच बाई निघन. मंग मी कोण?”

मी हात धुतले. बाईंना काय पाहिजे ते त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. अकोल्याचा मोर मलाही आठवत होता.

“पडद्यामागून गाता,” मी म्हटलं.

“हो.”

“गाण्याच्या वक्ताले मशीनचा आवाज बंद कराव लागन.”

“हो.”

“ठीक हाये. पण या पडद्याले भोक पाडायचं नाई. आकडा अंबाड्यातून निघाला, की मी तुमाले बाहेर काढीन.”

बाईंनी गळ्याला हात लावला. “गळ्याशपथ नाई पाडणार.”

मशीनवर रहीमभाई होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते बाईंच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसणारे. विचार करून म्हणाले, “आवाज बंद करना मेरे हाथ में है. पण पुन्हा चालू कधी करू, ते मले कसं कळन?”

“गाणं संपलं की मी पडदा दोनदा हलवीन.”

“पक्का?”

“माझ्या हातून पडदा आजपर्यंत चुकला काय?”

“नाई,” ते म्हणाले. ते खरंच होतं.

शुक्रवारी उभं राहायला जागा नव्हती. आम्ही दोघं पडद्यामागे. मागून सिनेमा उलटा दिसतो, सगळे डावखुरे. मी एका हातानं सूरपेटीचा भाता हलवत होतो. बाईंनी पाच मिरच्या खाल्ल्या होत्या, पण ओठ कोरडे होते. गाण्याची वेळ आली. पडद्यावरच्या बाई झाडाखाली येऊन उभ्या राहिल्या, रहीमभाईंनी आवाज तोडला, आणि आमच्या बाईंनी पहिली ओळ म्हटली.

बिनमिठाची. मी पंधरा वर्षं ऐकत होतो, असा आवाज कधी ऐकला नव्हता. जणू ओल्या पोत्यातून येत होता. समोर कुजबुज झाली. एकजण बोललाही, “बाईचा गळा बसला वाट्टे.” ते पडद्यातून आम्हाला लख्ख ऐकू आलं.

बाई थांबल्या. समोर पांढरं कापड, त्यावर त्यांचंच उलटं तोंड, बाकी काही नाही. हात अंबाड्याकडे गेला. आकडा निघाला. माझ्याकडे पाहिलं. आणि पुन्हा आकडा अंबाड्यात खोचला. पडद्यावरच्या बाई ओठ हलवत होत्या आणि आमच्या बाई मुक्या उभ्या होत्या. शपथ पाळत होत्या!

मला असा राग आला की काय सांगू. एकोणीस वेळा नको म्हटलं तेव्हा ऐकलं नाही, आणि आज ऐकायचं सुचलं.

मी खिशातली कात्री काढली. बाईंच्या डोळ्याची उंची मला पाठ होती. कच्चकन कापून सुपारीएवढं गोल भोक पाडलं. आकड्यानं पाडलेलं भोक वाकडं होतं. माझं गोल होतं.

“पाहा,” मी म्हटलं, “अन् गा.”

बाईंनी डोळा लावला. पडद्याचा उजेड पुढच्या रांगांवर पडत होता. पाहता पाहता त्यांची पाठ ताठ झाली.

“तिसऱ्या रांगेत, खांबापाशी. लाल दुपट्टेवाला.”

“काय त्याचं?”

“झोपला हाये मेला. त्याले उठवीन.”

आणि बाईंनी आवाज सोडला. टॉकीजचे पत्रे थरथरले. समोरून बाईंना पाहिजे तो लोकांचा हुंकार आला. तो दुपट्टेवाला कापसाच्या जिनिंगमध्ये रातपाळी करून आलेला गडी होता, हे नंतर कळलं. तो काही उठेना. बाईंनी अंतरा घेतला. तो घोरत राहिला. बाईंनी तान घेतली. त्यानं कूस बदलली.

इकडे सिनेमा कोणासाठी थांबतो? तीन मिनिटं झाली, झाडाखालच्या बाई निघून गेल्या. गाणं संपल्याशिवाय मी पडदा हलवणार नाही, आणि पडदा हलल्याशिवाय रहीमभाई आवाज लावणार नाहीत. पडद्यावर बाईंचा सिनेमातला बाप आला. पांढऱ्या मिशा, हातात काठी. त्यानं रागानं तोंड उघडलं आणि त्यातून आमच्या बाईंची तान निघाली. तो बोट नाचवून तीन हरकती गायला. लोक खुर्च्यांवर लोळायला लागले. मग वकील आला, त्यानं कागद दाखवत आलाप केला. मग एक घोडा आला. घोड्यानं तोंड उघडलं तेव्हा बाई वरच्या षड्जावर होत्या.

मॅनेजर धावत मागच्या दारानं आले. “काय चालवलं हे? बंद करा!”

मी आडवा आलो. “गाणं चालू असताना विंगेत कोणी येत नाई.”

“ही विंग आहे?”

“आज हाये.”

तेवढ्यात बाईंनी वर धरलेला सूर सोडून जी खाली उडी घेतली, त्यानं लाल दुपट्टेवाला दचकून उठून उभाच राहिला. डोळे चोळले. घोड्याकडे पाहिलं. आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “वन्समोअर!”

सगळी टॉकीज त्याच्यामागे. वन्समोअर, वन्समोअर! सिनेमाला वन्समोअर आमच्या अमरावतीशिवाय कुठं मिळाला असेल, मला माहीत नाही. रहीमभाईंनी मशीन थांबवली, दिवे लावले, रीळ उलटी गुंडाळली. दिवे लागल्यावर बाईंनी भोकातून पुन्हा पाहिलं.

“दुपट्टेवाला जागा हाये,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा बाईंनी ते गाणं बरोबर तीन मिनिटांत गायलं. पडद्यावरच्या ओठाला ओठ, श्वासाला श्वास. झाडाखालच्या बाई वळल्या आणि इकडे सूर मिटला. मी पडदा दोनदा हलवला. बाप आला आणि बापाच्याच आवाजात रागावला.

“तीन मिनिटांत होते की,” मी म्हटलं.

“होते ना,” बाई म्हणाल्या. “समोर कोण जागं हाये, थे दिसाव लागते.” आणि माझ्या डब्यातला उरलेला ठेचा बोटानं चाटूनपुसून संपवला.

खरी गंमत सहाच्या खेळाला झाली. बाई घरी गेल्या होत्या. तेच गाणं, तीच नटी, आणि आवाज त्या बारीक पोरीचा. लोक उठून उभे राहिले, “मशीन बिघडली!” ती पोरगी गोड गायली होती, मी खोटं कशाला लिहू. पण दुपारच्या लोकांनी गावभर सांगून ठेवलं होतं, गोड कोणाला पाहिजे होतं? “पच्चीस साल से मशीन चलाता हूँ,” म्हणत रहीमभाई डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः बाईंच्या दारात. मग आठवडाभर दुपारचा खेळ बाईंनी गायला. रोज नवा माणूस निवडून.

पुढे तो सिनेमा अकोल्याला लागला. तिथं बाई नव्हत्या. अकोल्याचे लोक अजून म्हणतात, अमरावतीची मशीन चांगली होती, आमची भंगार. आणि अमरावतीचे म्हातारे अजून शपथेवर सांगतात की ते गाणं बाईंचंच. सिनेमाच्या पाटीवर नाव दुसरीचं आहे, असं कोणी म्हटलं तर भांडायला उठतात. त्यात मीही आहे.

बाई पुन्हा सिनेमात गेल्या नाहीत. बोलावणं आलं होतं. “समोर माणूस बसवता काय?” असं त्यांनी उलट विचारलं, उत्तर आलं नाही. पुढे अकोल्याला जाऊन राहिल्या, गणपतीत, लग्नात, जिथं बोलावलं तिथं गायल्या. शेवटपर्यंत मिरच्या पाच.

आठवडा संपला तसे मॅनेजर मला म्हणाले, “आता ते भोक शिवून टाका.”

मी सुई-दोरा घेऊन पडद्यामागे गेलो. दुपारचा खेळ चालू होता, दुसराच सिनेमा. इतकी वर्षं मी दोरी धरून उभा राहिलो, पण त्या मोराच्या डोळ्याला माझा डोळा कधी लावला नव्हता. काय ठेवलंय त्यात पाहण्यासारखं, असंच म्हणत आलो. भोक बाईंच्या उंचीचं. मला गुडघ्यावर यावं लागलं.

दुसऱ्या रांगेत एक म्हातारा होता. एकटाच आलेला. समोर सिनेमात काही गंमत झाली असावी. तो हसला आणि सवयीनं शेजारी पाहिलं, दाखवायला. शेजारची खुर्ची रिकामी होती. मग तो पुन्हा समोर पाहायला लागला.

मी बराच वेळ त्याच्याकडेच पाहत राहिलो.

मॅनेजरना सांगितलं, एवढ्या कापडाला टाका धरत नाही. त्यांना शिवण्यातलं काय कळतं? नंतर त्या टॉकीजमध्ये कितीतरी मोठमोठ्या नट्या येऊन गेल्या. प्रत्येकीच्या उजव्या बाजूला, खाली, एक काळा ठिपका दिसायचा. लोक विचारायचे, हा डाग कशाचा? मी म्हणायचो, डाग नाही. माझ्या पडद्यावर डाग नसतो.